बटणवाल्या फोनची मुकादमीण

माझ्या मावशीवर अन्याय झाला. गेल्या वर्षी, पोळ्यानंतरच्या सोमवारी, सकाळी सात वाजता, जसोंडीच्या फाट्यावर. तिच्या टोळीतल्या अकरा बायका तिच्याबरोबर होत्या, त्यांच्यावरही झाला. डबे बांधून, डोक्याला फडकी गुंडाळून त्या बारा जणी टेम्पोची वाट बघत उभ्या राहिल्या आणि टेम्पो आलाच नाही.

पत्रक लिहायला मला ज्यांनी शिकवलं ते आमच्या कामगारांच्या संघटनेतले जुने भाऊ पहिल्या ओळीत हेच मागायचे. कोणावर, कुठे, कधी. 'दुर्बल घटकांची उपेक्षा' असं काही लिहून नेलं की कागद परत माझ्या हातात. "हा दुर्बल घटक कोणत्या गल्लीत राहतो? जा, विचारून ये." म्हणून मी सांगून टाकलं. आता बाकीचं.

माझी मावशी केळीच्या कटाईवर जाणाऱ्या बायकांची मुकादमीण होती. कटाईत पुरुष घड उतरवतात आणि वाहून आणतात. पुढचं सगळं बायकांचं. घडाच्या फण्या सोडवायच्या, तुरटीच्या पाण्याच्या टाकीत धुवायच्या, पुसायच्या, खोक्यात अशा बसवायच्या की एकीचा दुसरीला ओरखडा लागू नये. मुकादमिणीचं काम त्याच्या आदल्या संध्याकाळी सुरू होतं. व्यापाऱ्याचा मुनीम ग्रुपवर बोलून पाठवतो, उद्या अमक्याचा मळा, अमक्या वेळी, इतक्या बायका. मावशी तो आवाज ऐकायची, मग आपल्या आवाजात बायकांना कळवायची. उत्तरं यायची, "हौ." "हौ मावशी." एकीचं नेहमी, "हौ, पण मी पुढे बसीन." अकरा हौ जमले की ती चूल पेटवायची. बारा वर्षं मुकादमी केली, कोणत्या मळ्यावर टोळी कमी पडली असं कधी झालं नाही. व्यापाऱ्याच्या मुनिमाचं नाव, पोरांच्या शाळा, गुडघे, सासवा, कोणाचा नवरा आज प्यायलाय आणि म्हणून उद्या ती येणार नाही, हे सगळं तिच्या डोक्यात.

आणि हे सगळं ती एका बटणवाल्या फोनवर करायची.

साधा डबडा फोन नव्हे तो. दिसायला डबडा, आतून हुशार. त्यात इंटरनेट चालायचं, निरोपाचं अॅप चालायचं, बातम्या दिसायच्या, भजनं वाजायची. जगात फोनच्या आतली यंत्रणा म्हटलं की दोन मोठ्यांचीच नावं निघतात. एक ती, जिच्यावर आपल्यातल्या जवळजवळ सगळ्यांचे टचवाले फोन चालतात. दुसरी ती महागडी, जिचा फोन लग्नात मुद्दाम मागची बाजू दिसेल असा धरतात. मावशीच्या फोनात तिसरीच यंत्रणा होती. बटणांच्या फोनासाठी बनवलेली, लहानशी, गरिबाघरची. तिचं नाव बुऱ्हाणपुरात कोणाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आम्ही त्याला बटणवाला म्हणायचो, बस.

तर त्या पोळ्याच्या आसपास, निरोपाचं अॅप बनवणाऱ्यांनी ठरवलं की या तिसऱ्या यंत्रणेवर आता आपण चालायचं नाही. तशी सूचना मावशीच्या फोनावर आली होती. इंग्रजीत. मावशी मराठी शाळेत पाचवीपर्यंत शिकलेली आहे, देवळाबाहेरची पाटी वाचते, औषधाच्या डबीवरची हिंदी वाचते. इंग्रजी आलं की ती मधलं मोठं बटण दाबते, कारण ते दाबलं की बहुतेक वेळा पीडा टळते. तिने ते दाबलं. पीडा टळली. जुने आवाज होते तिथेच राहिले, नवे यायचे थांबले. पावसाचे दिवस, कटाईत खाडे पडतातच. तिला वाटलं, काम थंड आहे.

शनिवारी मुनीम तिला बाजारात तोंडी भेटला होता. सोमवारी जसोंडी, सात वाजता फाट्यावर, असं तो म्हणाला, आणि तिने घरोघर जाऊन बायकांना सांगितलं. रविवारी संध्याकाळी बेत बदलला. जसोंडीचा माल राहू दे, तुकईथडच्या बाजूला गाडी भरायची आहे, लांबचं आहे, साडेपाचला मंडीच्या गेटवर या. हे त्याने ग्रुपवर बोलून टाकलं. बाकीच्या मुकादमांना पोचलं. मावशीच्या नावासमोर एकच टिक लागली, राखाडी. दुसरी, पोचल्याची, लागली नाही. साडेपाचला गेटवर मावशीची टोळी दिसली नाही, तेव्हा त्याने दुसऱ्या टोळीला टेम्पोत बसवलं आणि गेला.

आठ वाजता मावशीने फाट्यावरून त्याला फोन लावला. फोन लागला. हे नीट वाचा, फोन लागला. बटणवाल्यावरून फोन तेव्हाही लागत होता, आजही लागतो. तो म्हणाला, "अहो बाई, तुम्ही कुठे हो? ग्रुपवर टाकलं होतं ना काल!"

मी त्या दिवशी नऊच्या सुमाराला तिच्याकडे गेले, संघटनेच्या बैठकीचं सांगायला. ती घराच्या पायरीवर बसून डबा खात होती. पहाटे उठून केलेली भाकरी आणि ठेचा, मळ्यात खायचा तो, घराच्या पायरीवर. मी विचारलं, "काय व मावशी, आज कटाई नाही?"

"मले काय माहीत," ती म्हणाली. "तुमच्या टचवाल्यांले माहीत."

आमच्या घरातले लोक रागावले की ओरडतात. मावशी रागावली की भाकरीचे तुकडे लहान लहान करते. त्या दिवशी तिने त्या भाकरीचा चुरा केला होता.

मी तिला घेऊन मोबाइलच्या दुकानात गेले. दुकानदार ओळखीचा, आमच्याच गल्लीतला, गोड बोलणारा. त्याने फोन हातात घेऊन आमच्या आजोबांचं घड्याळ पाहावं तसा पाहिला. "दीदी, ये तो गया. कंपनीने सोडलं याला. आता टच घ्या, काकूंना मस्त पिक्चर दिसेल."

"मले पिक्चर नाही पाहायचा," मावशी म्हणाली. "मले मुनीमचं बोलणं ऐकायचंय."

"ते पण येईल ना काकू. सब आएगा."

"आजपर्यंत येत होतं ते काहून बंद केलं?"

मी विचारलं, "हा फोन तूच विकलास ना? तेव्हा सांगितलं होतंस, की हे अर्ध्यात बंद होईल?" तो म्हणाला, "दीदी, मला सांगून बंद करतात का?" खरं होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं, आम्हालाही नाही. मग त्याने मला डिवचलं, "तुम्ही नेत्या लोकं ना, काढा मोर्चा," आणि मी म्हणाले, काढीन. कुठे काढणार होते कोण जाणे. त्या कंपनीचं दार आपल्या शहरात नाही. कोणत्याच शहरात आपल्यासाठी उघडं नाही.

मावसभावाने त्याचा जुना टचवाला मावशीला दिला. मोठ्या दोघांपैकी पहिल्या यंत्रणेवरचा. मी त्यात ग्रुप चालू करून दिला, मुनिमाला कळवलं, आणि मला वाटलं, झालं. पंधरवडाभर ठीक चाललं, म्हणजे संध्याकाळी घरी ठीक चाललं. घोळ मळ्यात होता.

केळीला चीक असतो. फणी कापली की पांढरा पाझरतो, बोटांवर बसतो, काळा पडतो. साबणाने जात नाही. कटाईवरच्या बायकांची बोटं हंगामभर काळीच असतात, आणि चीक ओला असताना तर गोंद लावल्यासारखी. कपड्यावर पडला तर तो कपडा पुढे कटाईचाच. आता दुपारी मुनिमाचा फोन आला, 'गाडी पुढे लावलीय, खोकी कमी करा,' तर मावशीने काय करायचं? बटणवाला होता तेव्हा ती कमरेच्या पिशवीत हात घालायची, न बघता. पाचच्या आकड्यावर एक बारीक उंचवटा असतो, तो अंगठ्याला लागला की बाकीचे आकडे कुठे आहेत ते हाताला कळतं. चिकाचा अंगठा असो, ओला असो, बटण दाबलं की दबतं. टचवाल्याला हे चालत नाही. त्याला स्वच्छ, कोरडं, बाबूलोकांचं बोट लागतं. चिकाचं बोट फिरवलं की पडदा सरकतो भलतीकडे, उचलायचा फोन कटतो, कटायचा उचलला जातो. बोटाचा ठसा घेऊन उघडतो म्हणे. कोणता ठसा? चिकाखाली ठसा उरलाय कुठे?

एकदा तिने फोन उचलायला बोट घासलं, तर कॅमेरा उघडला आणि टाकीत वाकलेल्या बायकांचा फोटो निघाला. तो कसा कोण जाणे, ग्रुपवर गेला. मुनिमाने लिहिलं, 'मॅडम, फोटो नको, खोकी भरा.' बायका पोट धरून हसल्या. मावशीसुद्धा हसली, तेव्हा.

मग पडद्यावर चीक बसत गेला, काळा, जाड, तिच्या बोटांसारखाच. आणि मावशीने तेच केलं जे इथली कोणतीही बाई करेल. चीक हाताला बसला की आम्ही ट्रॅक्टरचं थोडं डिझेल चिंधीवर घेतो आणि घासतो. जातो. म्हणून तिने फोनालाही डिझेलची चिंधी लावली, पुढून, मागून, कानाकोपऱ्यातून, नीट मन लावून, भांडं घासल्यासारखी. चीक गेला. त्याच्याबरोबर पडद्याची तकाकी गेली, आणि ऐकायच्या भोकांत डिझेल उतरलं. दुसऱ्या दिवसापासून मुनीम तिला कांबळ्याखालून बोलल्यासारखा ऐकू यायला लागला.

मावसभाऊ बघून म्हणाला, "आई, डिझेल कोण लावतं मोबाइलला!"

"चीक कोण लावतं?" ती म्हणाली. "तुझ्या कंपनीनं पाहिलं का कधी केळी कापताना कोणाले?"

हा प्रश्न मी आमच्या पोरांच्या पुढे ठेवला. आमच्या संघटनेत दोघे आहेत, एक पहिल्या मोठ्या यंत्रणेचा, दुसरा महागड्या दुसरीचा. बैठक संपली की मावा जिलेबीच्या दुकानापाशी उभं राहून दोघं रोज भांडतात. कोणाचा कॅमेरा, कोणाचं चार्जिंग, कोणाची किती वर्षं हमी. त्या दिवशीही तेच चालू होतं. मी मावशीचा बटणवाला खिशात घेऊन गेले होते, तो त्यांच्या दोघांच्या मध्ये बाकड्यावर ठेवला.

पहिला हसला. "अरे, ये म्युझियमसे कौन लाया?"

"याची तुलना करा," मी म्हणाले. "तुमच्या दोघांशी."

"याच्याशी काय तुलना व ताई? याचं अॅप नाही, पेमेंट नाही, कॅमेरा म्हणजे धुकं."

बरोबर आहे. मी या फोनची जाहिरात करायला बसलेली नाही. तो सुस्त होता. त्याच्या दुकानात मोजकी अॅपं, त्यातली अर्धी खेळ. बँकेचं काम त्यावर व्हायचं नाही. टायपायला एकेका अक्षरासाठी तीन तीनदा दाबा. फोटोत माणूस ओळखू यायचा नाही. हे सगळं खरं आहे, आणि मी पत्रकात खोटं लिहीत नाही. पण दुसरी बाजूही लिहा ना! दोन-तीन दिवस चार्ज केला नाही तरी चालायचा, आणि आमच्याकडे वीज कधी येते ते वीजवाल्यांनाही विचारून बघा. टाकीच्या कडेवरून चिखलात पडायचा, पुसून परत पिशवीत. उन्हात आकडे दिसायचे. ओल्या हाताने चालायचा. आणि ज्या एका कामासाठी घेतला होता, बाईचा आवाज बाईपर्यंत पोचवणं, ते काम त्याने न चुकता केलं, जोवर त्याच्या आतून ते काढून घेतलं नाही. मोठ्या दोघांनी त्याला हरवलं असं तुम्ही म्हणता. शर्यत कुठे झाली? केळीच्या मळ्यात तर झाली नाही. तिथे तो जिंकत होता.

दुसरा, महागड्यावाला, म्हणाला, "पण ताई, माणसं कमी असतील त्यावर. कंपनीने कुठवर चालवायचं?"

माणसं कमी. हे वाक्य मी फार ठिकाणी ऐकलंय. गाडी थांबत नाही, कारण उतरणारी माणसं कमी. शाळा बंद, पोरं कमी. कमी म्हणजे किती, हे ज्याला ठरवता येतं तो कधीच त्या कमीत नसतो. आणि खरं सांगू? कंपनीवर माझा राग आहे, पण ती लांब आहे, तिला माझी मावशी दिसत नाही. मुनिमाला दिसत होती. त्याच्या पडद्यावर ती एक राखाडी टिक होऊन उभी होती, रविवारच्या संध्याकाळपासून.

म्हणून मी मावशीला घेऊन त्याच्याकडे गेले. तोवर टचवाला फडताळात गेला होता आणि सिम परत बटणवाल्यात. मंडीच्या मागे व्यापाऱ्याची वखार आहे, तिथे तो प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला असतो, दोन फोन मांडीवर. वाईट माणूस नाही. बायकांना 'अहो-जाहो' करतो, पाणी विचारतो. मला पाहिल्यावर म्हणाला, "आल्या नेताबाई. बसा."

मी म्हणाले, "ती टिक तुम्हाला दिसली होती की नाही?"

"दिसली असेल. मॅडम, मला किती ग्रुप आहेत माहीत आहे का? गाडीवाल्यांचा वेगळा, मळेवाल्यांचा वेगळा. एकेकाला फोन लावत बसलो तर केळी पिवळी होईल इथेच."

"एकेकाला नको. जिला पोचलं नाही तिला."

"सगळ्यांचे टच झालेत हो आता. यांनीच सुधारायला पाहिजे ना."

मावशी इतका वेळ उभी होती. पाण्याचा ग्लास तिच्या हातात होता, काळ्या बोटांत. ती म्हणाली, "भाऊ, ते टिक मले दिसत नाही. माझ्या फोनमध्ये ते येतच नाही. तुले दिसते. ज्याले दिसते त्यानं बोलावं का जिले दिसत नाही तिनं?"

मुनीम म्हणाला, "बरं बाई. लावत जाईन फोन."

लावला. दोनदा लावला. तिसऱ्या खेपेला नाही लावला. तेव्हा टोळी पुन्हा हुकली, आणि त्यानंतर त्याने मावशीच्या टोळीतल्याच एका तरुण सुनेला ग्रुपवर घेतलं, म्हणजे मुकादमी तिच्याकडे गेली. तिच्याकडे टच आहे, ती फोन ओच्यात प्लास्टिकच्या पिशवीत ठेवते आणि चीक लागू नये म्हणून मळ्यात काढतच नाही. पोरगी चांगली. पहिल्याच दिवशी रडत रडत मावशीकडे आली, "मावशी, मी नाही म्हणाले होते त्यांना, देवाशपथ." मावशीने तिला चहा दिला आणि कोणाला कधी किती वाजता कळवायचं ते सगळं समजावलं. कोणाचा नवरा पितो तेही.

आता आदल्या संध्याकाळी ती सून मावशीला फोन लावते, बटणवाल्यावर. "मावशी, उद्या चांदनी स्टेशनच्या पलीकडे, सहाला." मावशी म्हणते, "हौ." बारा वर्षं ती हौ गोळा करत होती, आता एक हौ देते. टेम्पोत मुकादमिणीची जागा ड्रायव्हरशेजारी असते. मावशी मागे बसते, खोक्यांवर. गुडघे दुखतात तिचे, पण पुढे बस असं त्या पोरीने म्हटलं तर बसत नाही. "जिची मुकादमी तिची जागा," म्हणते. मी तिला म्हणाले, आपण भांडू, मी पत्रक काढते, पुन्हा मिळवू. ती म्हणाली, "त्या पोरीच्या हातून काढून? तुझ्या पत्रकात हे बसते का?"

बसत नाही. म्हणून ते पत्रक मी काढलं नाही. हे लिहितेय.

कारण मला आता कळलंय की हे मुनिमाचं एकट्याचं दुखणं नाही. आमच्याच संघटनेच्या ग्रुपवर मी जाऊन पाहिलं. यंत्रमागावर काम करणारे एक काका, राखाडी टिक, मागच्या तीन बैठकांपासून. 'काका हल्ली येत नाहीत, थंड पडले,' असं आम्ही म्हणत होतो. मी फोन लावला. ते म्हणाले, "अगं, मला वाटलं बैठका बंद झाल्या."

तर आता तुमच्याकडे येते. तुम्हीही कुठल्यातरी ग्रुपचे मालक आहात. सोसायटीचा असेल, भजनी मंडळाचा, वर्गातल्या पोरांच्या आयांचा, कामगारांचा. तुम्हीही म्हणता, 'टाकलं होतं ना ग्रुपवर.' हे वाचून झालं की लगेच तो ग्रुप उघडा. शेवटच्या कामाच्या निरोपावर बोट ठेवा आणि कोणाला पोचला नाही ते बघा. तिथे एक नाव असेल. ते थंड पडलेलं नाही, सुधारायचं राहिलेलं नाही, ते फाट्यावर डबा घेऊन उभं आहे. त्याला लिहू नका. फोन लावा. आत्ता लावा, आणि उचलेपर्यंत वाजू द्या, कारण हात चिकात असेल, पुसायला वेळ लागतो.